गिरणीपाशी

दोन हजार तेवीस साल होतं. भूकंपाला तीस वर्षं होणार म्हणून आमच्या वडजळ ग्रामपंचायतीनं समाजमंदिराच्या लांब भिंतीवर जुन्या गावाचा नकाशा रंगवून घ्यायचं ठरवलं. गल्ल्या, विहिरी, पार, पाणंदी, सगळ्यांची नावं टाकायची, म्हणजे पुढच्या पोरांना कळेल. कल्पना चांगली होती. ऐकून मला आनंद झाला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात आनंद फारसा नाही.

जुनं गाव आता बाभळीत गेलं आहे. नवं गाव सास्तूरच्या बाजूला सरळ रेघा मारून वसवलेलं. घरं सारखी, गल्ल्या सारख्या; पहिल्या वर्षी लोक एकमेकांच्या घरात शिरायचे. समाजमंदिर ज्या कोपऱ्यावर आहे त्याला सगळे 'गिरणीपाशी' म्हणतात. तिथं गिरणी नाही. नवा जावई आला की गिरणी शोधत उभा राहतो आणि पोरं हसतात. पण म्हणतात गिरणीपाशीच, आणि का म्हणतात ते मला ठाऊक आहे.

नावं गोळा करायचं काम माझ्या पुतण्याकडं दिलं होतं, बुद्धघोषकडं. तो हायस्कूलवर चित्रकला शिकवतो. महिनाभर तो मोबाइल घेऊन म्हाताऱ्यांपुढं बसला, त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं, कागदावर आराखडा काढला. रंगवायला लोहाऱ्याचा मच्छिंद्र पेंटर आला.

काम होत आलं तेव्हा मी बघायला गेले. मारुतीचं देऊळ, तालीम, चावडी, पोहायची विहीर, म्हसोबाचा माळ. वरच्या कडेला आमची वस्ती, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत 'भीमनगर'. देवळाच्या शेजारी शरणबसप्पांची पिठाची गिरणी, दगडी, दोन दरवाजांची, वर झेंडासुद्धा. मग मी वेशीकडं बघितलं. वेशीबाहेर मच्छिंद्रनं हिरवा रंग देऊन दोन झाडं काढली होती.

"मच्छिंद्र, इथं काय आहे?"

"झाडं हायती, बाई."

"झाडं मला दिसतात. गिरणी कुठाय?"

"ती काय!" त्यानं ब्रशानं शरणबसप्पांची गिरणी दाखवली. "चांगली उठलीय, न्हाय?"

मी तशीच बुद्धघोषच्या घरी गेले. तो जेवत होता. जेवणाऱ्या माणसाला बोलू नये, पण मी बोलले.

"बिबीजानची गिरणी कुठाय तुझ्या नकाशात?"

"काकू, मी सगळ्यांना विचारलंय."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

त्यानं नावं घेतली. ईरण्णा, दगडोबा, बब्रुवान पाटील, आणखी असेच.

"यातला एक तरी डोक्यावर दळण घेऊन गिरणीला गेला होता का?"

त्यानं घास तसाच ताटात ठेवला.

"तालीम त्यांना ठाऊक, पोहायची विहीर ठाऊक. बायका पाणी भरायच्या ती विहीर कुठाय? धुण्याचे दगड कुठायत? बाई माणूस गावात राहतच नव्हतं का रे?"

"तसं न्हाय काकू. ज्यानं त्यानं आपापल्या गल्लीचं सांगितलं. दुसऱ्याच्या गल्लीचं आपण कसं सांगावं, असं म्हणायचे सगळे. वेशीबाहेरचं सांगायला कुणी आलंच न्हाय."

हे मात्र खरं होतं. आमच्या गावाची ही रीतच आहे. आपल्या दारासमोरचं बोलायचं, दुसऱ्याच्या दारासमोरचं त्यानं बोलावं. वेशीबाहेर घर एकच होतं, बिबीचं, आणि बिबी आता लेकाकडं लोहाऱ्याला राहते. तिच्या दारासमोरचं बोलायला कुणीच उरलं नाही, म्हणून तिथं झाडं उगवली.

"आपलं नाव तर किती मोठं टाकलंय मी," बुद्धघोष हिरमुसून म्हणाला.

"बघितलं. आपलं टाकलंस. जिच्या गिरणीच्या पिठावर तू वाढलास तिच्या जागी झाडं लावलीस."

जुन्या गावात दोन गिरण्या होत्या. शरणबसप्पांची करंटवरची, आणि बिबीची डिझेल इंजिनवरची. मी लग्न होऊन आले, जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण म्हणून लागले, आणि पहिल्याच आठवड्यात दळण घेऊन शरणबसप्पांकडं गेले. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. शरणबसप्पांच्या ओट्याला ते ठाऊक नव्हतं. आमच्या बायकांनी डबे ओट्याखाली ठेवायचे, उन्हात. आलेल्यांची, येणाऱ्यांची, येऊन गप्पा मारत बसलेल्यांची दळणं झाली की मग आमची. दिवस कलला की शरणबसप्पा ओट्यावरून खाली बघून म्हणायचे, "करंट गेला." त्यांच्या डोक्यावर बल्ब जळत असायचा. त्या बल्बाखाली उभे राहून ते म्हणायचे, करंट गेला. 

तिसऱ्या दिवशी मी ज्वारीचा डबा उचलला आणि वेशीबाहेर गेले. पत्र्याची शेड, बाहेर इंजिन, त्याचं पुक पुक माळापर्यंत ऐकू जायचं. बिबी पदर खोचून पट्ट्यापाशी उभी, भुवयांवर पीठ.

"डबा कुठं ठेवू?" मी विचारलं.

"रांगेत."

"रांगेत कुठं?"

"नवी हैस काय गे? शेवटच्या डब्याच्या मागं. तुझ्यामागनं कुणी आलं तर तिचा तुझ्या मागं. हितं बाई उभी राहत न्हाय, डबा उभा राहतो. आणि दुसरीच्या डब्याला कुणी हात लावायचा न्हाय."

एवढाच तिचा कायदा. डबा ठेवून बायका शेण गोळा करायला जात, लेकराला पाजायला जात. परत आल्या की डबा जिथल्या तिथं. पाटलीण असो की आमच्या वस्तीतली सखू, मागची मागं, पुढची पुढं.

शरणबसप्पांच्या गिरणीचा करंट खरोखर जायचा तेव्हा त्यांच्या घरच्या बायकाही बिबीकडं येत. त्यांची थोरली सून महानंदा यायची. माझ्यामागं तिचा नंबर आला की ती आपलं दळण टाकण्याआधी एक मूठ दाणे गिरणीत टाकायला लावायची, माझं उरलेलं पीठ दगडातून निघून जावं म्हणून. ते मुठीचं पीठ ती घ्यायची नाही.

"टाक की," बिबी म्हणायची. "पर तुझ्याच डब्यातली मूठ टाक. सरूच्या डब्यातली न्हाय."

असं सगळ्यांचं सांडलेलं, सोडलेलं, मुठीमुठीचं पीठ बिबी संध्याकाळी कुंच्यानं गोळा करायची आणि त्याच्या भाकरी तिच्या घरी व्हायच्या. "पुऱ्या गावची भाकर आमीच खातो गे," म्हणून हसायची. मी हसायची नाही. महानंदाच्या त्या मुठी मला अजून दिसतात.

मग भूकंप झाला. शरणबसप्पांची दगडी गिरणी खाली बसली, आणि तिच्यापाठोपाठ गावातलं जे जे दगडी होतं ते माणसांवर पडलं. बिबीची पत्र्याची शेड उभी राहिली. मदतीच्या ट्रकांतून धान्य आलं, पण ते पोत्यातलं अख्खं धान्य. दाणे होते, पीठ नव्हतं. करंट तर गावातच नव्हता. बिबीचा नवरा आधीच वारलेला. तिनं आणि तिच्या लेकानं, हनीफनं, इंजिन बैलगाडीवर घातलं आणि पत्र्याच्या तात्पुरत्या घरांपाशी, लिंबाखाली आणून सुरू केलं. दगडांतून ओढून काढलेले चेपलेले डबे घेऊन सगळ्या वडजळच्या बायका तिथं आल्या. एकच रांग लागली. महानंदाचा डबा माझ्यामागं होता, आणि त्या दिवसांत तिनं मूठ टाकली नाही. टाकायला दाणे कमी होते म्हणून, की लाज वाटली म्हणून, ते मी विचारलं नाही.

ती लिंबाखालची जागा म्हणजेच गिरणीपाशी. पुढं नवं गाव तिथंच वसलं, घरोघरी घरघंटी आल्या, बिबीची गिरणी बंद पडली. लिंब तोडून समाजमंदिर बांधलं. आणि आता त्याच्याच भिंतीवर ती गिरणी नव्हती.

मी सरपंचाकडं गेले. गौरीशंकर, शरणबसप्पांचा नातू, महानंदाचा मुलगा. माझ्याच हाताखाली शिकलेला. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला.

"बाई, बिबीची गिरणी गायरानावर हुती. कुठंच नोंद न्हाय तिची. शेड हुतं ते नुसतं. आजोबांची गिरणी म्हणजे पक्की दगडी इमारत, इतिहास हाय त्याला."

"तुझ्या आजोबांची पक्की इमारत पडली आणि त्यात ओट्यावर झोपलेली तीन माणसं गेली. बिबीचं नुसतं शेड उभं राहिलं आणि त्यानं तुला भाकर दिली. तू पत्र्याच्या घराबाहेर ताट वाजवत बसायचास, विसरलास?"

"लहान हुतो बाई."

"पोट होतं ना?"

तो हसला. माणूस वाईट नाही म्हणतात, पण त्या हसण्याचा मला राग आला. "पुढच्या येळंला रंग देताना टाकू की. आता पाहुणे यायलेत, मोठी माणसं हायती. आणि बाई, त्या कोपऱ्याला आपण नाव देतोय. शरणबसप्पा चौक. पाटी तयार झालीय."

"चहा तूच पी," म्हणून मी उठले. त्याच दिवशी त्यानं मच्छिंद्रकडून रंग आणि ब्रश मागवून घेतले आणि ग्रामपंचायतीत ठेवून कुलूप लावलं. का, ते मला कळलं. मी मच्छिंद्रच्या मागं लागेन अशी त्याला भीती होती. बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याहून हनीफचा फोन आला. तोही माझाच विद्यार्थी, आता वेल्डिंगचं दुकान आहे.

"बाई, बुद्धघोष सरांनी आमंत्रण दिलं. जुनं गाव जसंच्या तसं काढलंय म्हणले. अम्मी हट्ट धरून बसलीय, माझी गिरणी बघायची म्हणती."

"तिला दिसतं का रे आता?"

"न्हाय दिसत. हातानं बघीन म्हणती. डॉक्टरनी सांगितलंय, पुढचा उन्हाळा निघायचा न्हाय. बाई, काढलीय न्हवं गिरणी? न्हाय म्हणलात तर मी आणत न्हाय तिला."

माझ्या तोंडात नाही हा शब्द आला होता. पण मला वाटलं, नाही म्हणून तिला घरी बसवायचं म्हणजे गौरीशंकरचं काम मीच केल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आण तिला."

मग दोन दिवस बुद्धघोष सरपंचाच्या दारात बसला. तो बिचारा रडकुंडीला आला होता. कुलूप निघालं नाही.

तीस सप्टेंबरला सकाळी गेलेल्यांना फुलं वाहून झाली. मंडप घातला होता, भिंतीवर पडदा सोडला होता, कोपऱ्यावर नवी पाटी कापडाखाली झाकलेली. पाहुण्यांच्या गाड्या यायच्या होत्या. तेवढ्यात हनीफची रिक्षा आली आणि त्यानं बिबीला हाताला धरून उतरवलं. एवढीशी झाली होती. नवी साडी, डोक्यावर पदर, डोळे पांढरे.

"सरू हाय का गे?"

"आहे, बिबी."

"कुठाय माझी गिरणी? हात लाव माझा."

मी पडदा बाजूला सारला. कुणीतरी "अहो बाई, पाहुणे येऊ द्या" म्हणालं. मी तिचा हात धरून भिंतीवर ठेवला, वेशीच्या चित्रावर.

"ही वेस," मी म्हटलं.

"हां. आणि ह्याच्या भाईर माझी शेड." तिची बोटं झाडांवरून फिरली. खोटं बोलणं सोपं होतं. रंग रंगासारखाच लागतो हाताला. हनीफ माझ्याकडं बघत होता, बुद्धघोष खाली बघत होता. पण जिनं कधी कुणाचा डबा पुढंमागं केला नाही तिला मी फसवू?

"नाही बिबी. तुमची गिरणी काढली नाही. झाडं काढलीत."

तिनं हात लगेच काढला नाही. "झाडं?"

"हो."

"मंग ह्ये लोकं पीठ कुठनं खात हुते? झाडाचं?"

मंडपातल्या बायका हसल्या. बिबी म्हणाली, "हनीफ, मला गिरणीपाशी बसव. घरी मंग जाऊ."

कोपऱ्यावर, रस्त्याच्या मध्यातच हनीफनं खुर्ची ठेवली आणि तिला बसवलं. मी घरी गेले. ज्वारीचा डबा उचलला, तो जुनाच, भूकंपात चेपलेला, आणून बिबीच्या खुर्चीपुढं ठेवला. काय करायचं ते मी ठरवून आले नव्हते. एवढंच वाटत होतं की या जागेला काय म्हणतात ते तोंडानं सांगून उपयोग नाही.

"कुणाचा गे डबा?" डबा टेकल्याच्या आवाजावरून ओळखून बिबीनं विचारलं.

"माझा. सरूचा."

"एकच?"

सखूची सून उठली. मग बब्रुवान पाटलाची बायको, कमरेत वाकलेली, नातीला घेऊन घरी गेली आणि पितळेचा डबा घेऊन आली. मग आणखी. कुणी स्टीलचा, कुणी तेलाचा, कुणी नुसती बादली. रस्त्याच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत रांग लागली. नव्या सुनांना काही कळत नव्हतं, पण सासूनं ठेवला म्हणून त्याही ठेवत होत्या.

गाड्या आल्या आणि डब्यांपुढं थांबल्या. गौरीशंकर धावत आला.

"बाई, हे काय चाललंय? पोरांनो, डबे उचला!"

तालमीतली पोरं पुढं आली आणि थांबली. एकजण म्हणाला, "आण्णा, डब्याला कसा हात लावायचा? म्हातारी घरात घेणार न्हाय." गिरणी बघितलेलीसुद्धा नाही त्या पोरांनी. पण दुसऱ्याच्या दळणाच्या डब्याला हात लावायचा नाही, हे वडजळमध्ये अजून आईच्या दुधाबरोबर येतं.

गौरीशंकर स्वतः वाकला. त्याचा हात माझ्या डब्याकडं आला तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब."

महानंदा होती. स्वतःच्या डोक्यावर डबा घेऊन, या वयात. तिनं तो माझ्या डब्याच्या मागं टेकवला, कारण मी आधी आले होते.

"आता उचल," ती मुलाला म्हणाली. "माझ्यापासनं सुरू कर."

"आई, पाहुणे हायती गं."

"असू दे. त्यांना म्हणावं, नंबर लावा."

गौरीशंकर सरळ झाला. मग त्यानं खिशातून किल्ली काढली आणि कुणाकडं न बघता बुद्धघोषकडं फेकली.

मच्छिंद्रनं पाहुण्यांसमोर गिरणी काढली. निळी शेड, बाहेर इंजिन, धूर. बुद्धघोष शेजारी उभा राहून सांगत होता आणि त्याला बायका सांगत होत्या: इंजिन ह्या अंगाला, पट्टा तिकडनं, दारात दगड हुता. नाव टाकलं 'बिबीजानची गिरणी'. बिबीला उभं केलं. रंग ओला आहे हे सांगायच्या आत तिनं अख्खा तळवा शेडवर टेकवला.

"हां," ती म्हणाली. "पत्रा गार लागायलाय."

शेड फिसकटली. मच्छिंद्र दुरुस्त करायला निघाला, मी त्याला हात धरून मागं ओढलं.

मी खूश झाले असं कुणी समजू नये. पाहुण्यांनी भाषणात आपल्या सरपंचांनी सर्वांना सामावून घेतल्याचं कौतुक केलं. टाळ्या पडल्या. कोपऱ्यावरच्या पाटीवरचं कापडही त्यांनीच ओढलं: शरणबसप्पा चौक. म्हणजे भिंतीवर वीतभर जागा आम्हाला रस्त्यात बसून मिळवावी लागली, आणि अख्खा चौक त्यांना टाळ्यांत मिळाला. महानंदानं आपला डबा उचलला आणि जाताना मला म्हणाली, "सरू, आता तरी बोलशील का माझ्याशी?" मी म्हटलं, "बघू." अजून बघतेच आहे.

बिबी पुढचा रमजान बघून गेली. लोहाऱ्याच्या कब्रस्तानात आम्ही बायका गेलो नाही, पण हनीफच्या घरी गेलो, आणि प्रत्येकीनं पीठ नेलं होतं. हनीफचं दुकान चालू आहे. जुनं इंजिन त्यानं भंगारात घातलं नाही, दुकानाच्या मागं ताडपत्रीखाली आहे. मच्छिंद्रला वडजळच्या भिंतीमुळं दुसऱ्या दोन गावांची कामं मिळाली. तिथं तो आधी गिरणी कुठं होती ते विचारतो म्हणे. बुद्धघोष पुन्हा मोबाइल घेऊन हिंडतो, या वेळी चुलीपुढं बसतो. धुण्याचे दगड त्याला सापडले, बायकांची विहीरही; भिंतीवर जागा मात्र उरलेली नाही. महानंदा गुडघ्यांच्या दुखण्यानं घरीच बसून आहे. तिचा मुलगा पुन्हा निवडणुकीच्या तयारीत आहे, आणि पत्रकावर त्यानं बिबीच्या गिरणीचा फोटो छापला आहे, तळव्यासकट.

जीपवाले अजून 'गिरणीपाशी कोण उतरणार' असंच ओरडतात. फक्त माझ्या विजेच्या बिलावर पत्ता येतो शरणबसप्पा चौक. ते बिल मी घेत नाही, या नावाची जागा गावात नाही असं सांगून परत पाठवते. परवा वायरमन म्हणाला, "बाई, असं केलं तर करंट तोडतील."

मी म्हटलं, "तोडा. करंट गेला, हे मला शरणबसप्पांच्या घराण्याकडून ऐकायची सवय आहे."